आपल्या कानांची परीक्षा

दृष्टी अधू झाली तर ती फार काळ लपून राहत नाही. फळ्यावरील अक्षरे पुसट दिसू लागली की मुलगा डोळे बारीक करतो, पुस्तक नाकाशी धरतो, आणि थोड्याच दिवसांत घरच्या मंडळींच्या ध्यानात येऊन त्याच्या नाकावर चष्मा चढतो. श्रवणाचे तसे नाही. जे ऐकूच आले नाही, ते आपल्याला ऐकू आले नाही हे कळावे कसे? पुसट अक्षर निदान पुसट तरी दिसते. न ऐकलेला शब्द मात्र आपली कोणतीच खूण मागे ठेवीत नाही. म्हणूनच मंद श्रवणाचा विद्यार्थी वर्गात 'लक्ष नसणारा' ठरतो. त्याच्या शुद्धलेखनातील चुका निष्काळजीपणाच्या म्हणून लाल शाईने अधोरेखित होतात. आणि घरातील आजोबा 'हल्ली फार एककल्ली झाले आहेत' असे म्हणून आपण मोकळे होतो. दोषाला दोषाचे नाव न मिळता स्वभावाचे नाव मिळते, ही या व्याधीतील सर्वांत मोठी हानी होय.

हा प्रश्न चार-दोन माणसांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणाविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार उपचाराची अगर साहाय्याची गरज भासावी इतका श्रवणदोष असलेली माणसे जगात सुमारे ४३ कोटी आहेत, आणि २०५० पर्यंत ही संख्या ७० कोटींच्या घरात जाईल. त्यातही विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष वेळीच काळजी घेतल्यास टाळता येण्याजोगे असतात. वेळीच काळजी घ्यायची, तर दोष वेळीच कळला पाहिजे.

आज बहुतेक घरांत स्मार्टफोन आला आहे, आणि त्यावर कानांची परीक्षा घेणारी अनेक ॲप्सही मिळू लागली आहेत. पाच-दहा मिनिटांत पडद्यावर एक आलेख उमटतो आणि आपले कान उत्तम, मध्यम की कनिष्ठ हे सांगितले जाते. ही परीक्षा कितपत विश्वासार्ह आहे? ती घ्यावी तर कशी घ्यावी? आणि तिचा निकाल हाती आल्यावर काय करावे? या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही या लेखात देणार आहोत. उत्तराचे सार आरंभीच सांगून ठेवतो : ही परीक्षा म्हणजे चाळणी आहे, निवाडा नव्हे. चाळणीने खडे वेगळे काढता येतात. पण खडा कोणत्या जातीचा आहे, हे चाळणी सांगू शकत नाही.

कान ऐकतो कसा?

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. ही कंपने कानाच्या नळीतून आत शिरतात आणि कानाचा पडदा हलवितात. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा नावांची तीन इवलीशी हाडे एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब हे तर आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड. ही हाडे कंपने पुढे नेऊन आतील कानाला देतात. आतील कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळसे घेतलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असून त्यांच्या टोकांवर केसांसारखे तंतू असतात. या केसपेशींच्या साहाय्याने कंपनांचे रूपांतर विद्युत्-संदेशात होते आणि तो संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो.

या नळीत सुरांची मोठी शिस्तबद्ध वाटणी आहे. तार सुरांच्या पेशी प्रवेशद्वाराशी, तर खर्जाच्या पेशी अगदी आतल्या टोकाशी असतात. ध्वनीची लाट या नळीतून कशी धावते, हे शोधून काढल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञास १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. वार्धक्याने असो वा गोंगाटाने असो, पहिला बळी बहुधा तार सुरांच्या पेशींचा पडतो.

याचा परिणाम भाषेवर कसा होतो पाहा. आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ इत्यादी, हे भारदस्त आणि खालच्या पट्टीतले असतात. उलट स, श, फ, थ यांसारखी व्यंजने बारीक आणि वरच्या पट्टीतली असतात. तार सूर ऐकू येईनासे झाले म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'साठ' मधील 'स' निसटला की 'आठ' उरतो. 'सात' आणि 'साठ' यांतील भेद पुसला जातो. अशा वेळी आजीबाई म्हणतात, "अरे, ऐकू येतंय मला, पण तुम्ही पुटपुटता!" त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असते. म्हणून त्यांच्या कानाशी ओरडून फारसा लाभ होत नाही. ओरडण्याने स्वर मोठे होतात, निसटलेली व्यंजने परत येत नाहीत.

मोजमाप कशाचे?

कानाची परीक्षा दोन मापांत होते. पहिले सुराच्या उंचीचे. ते हर्ट्झमध्ये, म्हणजे एका सेकंदातील कंपनांच्या संख्येत सांगतात. पेटीवरील मध्य सप्तकातील 'पांढरी एक' सुमारे २६१ हर्ट्झची असते. एक सप्तक वर गेले की ही संख्या दुप्पट होते. श्रवणपरीक्षेत साधारणपणे २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झचे सूर ऐकवितात. म्हणजे परीक्षक जणू पेटीवर एकेक सप्तक चढत जातो.

दुसरे माप ध्वनीच्या तीव्रतेचे. त्याचे एकक डेसिबल. यातील 'बेल' हा शब्द दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून आला आहे. बेल यांच्या मातोश्री व पत्नी या दोघीही कर्णबधिर होत्या आणि ते स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक होते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. डेसिबलची गणती साध्या बेरजेची नाही. १० डेसिबलने वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट. २० डेसिबलने वाढ म्हणजे शंभरपट. श्रवणपरीक्षेतील शून्य डेसिबल म्हणजे निःशब्द शांतता, असाही अनेकांचा समज असतो. तोही बरोबर नाही. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणारा सरासरी आवाज म्हणजे हे शून्य. त्यामुळे ज्याचा कान सरासरीहून तीक्ष्ण आहे, त्याचा निकाल उणे पाच असाही येऊ शकतो.

परीक्षेची रीत सोपी आहे. एक सूर स्पष्ट ऐकू येईल असा वाजवायचा. ऐकू आला की १० डेसिबलने उतरवायचा. ऐकू येईनासा झाला की ५-५ डेसिबलने चढवायचा. असे वारंवार करून जो सर्वांत क्षीण आवाज बहुतेक वेळा ओळखता येतो, तो त्या सुरापुरता त्या कानाचा उंबरठा. सहाही सुरांचे उंबरठे कागदावर मांडून बिंदू जोडले की श्रवणालेख तयार होतो. त्यात शून्य वर असते आणि मोठे आकडे खाली येतात; रेषा जितकी खाली घसरलेली, तितके श्रवण मंद.

दूरध्वनी आणि श्रवणपरीक्षा यांचे नाते आजचे नव्हे. दूरध्वनीचा शोध १८७६ सालचा. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, डेव्हिड ह्यूज यांनी लंडनमध्ये दूरध्वनीचाच ऐकण्याचा भाग वापरून श्रवण मोजण्याचे उपकरण सिद्ध केले. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी ग्रामोफोनवर चालणारे एक यंत्र निघाले. त्याला चाळीसपर्यंत कर्णफोन जोडता येत. तबकडीवरून उच्चारले जाणारे अंक हळूहळू क्षीण होत जात, आणि मुलांनी ऐकलेले अंक कागदावर लिहावयाचे असत. चाळीस मुलांचा वर्ग एकाच वेळी तपासणारे हे यंत्र म्हणजे आजच्या ॲपचे आजोबाच म्हणावे लागेल.

फोनवरील सुरांची परीक्षा

फोनवरील ॲप्समध्ये मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार सुरांच्या परीक्षेचा. वर सांगितलेल्या पद्धतीचेच ते अनुकरण होय. सूर ऐकू आला की पडद्यावर बोट टेकवायचे, आणि शेवटी आलेख पाहायचा.

येथे एक मोठी अडचण आहे. दवाखान्यातील श्रवणमापक ठराविक कर्णफोनसह येतो आणि '३० डेसिबल' म्हटल्यावर त्यातून खरोखरच ३० डेसिबलचा ध्वनी निघतो की नाही, हे ठराविक काळाने तपासून घेतलेले असते. फोनचे तसे नाही. ॲपला इतकेच ठाऊक असते की, आपण एका विशिष्ट शक्तीचा सूर वाजविण्याची आज्ञा दिली. तो फोन आणि त्याला जोडलेला इअरफोन मिळून प्रत्यक्षात किती आवाज काढतात, हे त्याला कळत नाही. बाजारातील शंभर रुपयांचा इअरफोन आणि पाच हजारांचा इअरफोन यांचा आवाज एकसारखा कसा असेल? इअरफोन कानात सैल बसला तर खर्जाचे सूर बाहेर गळून जातात, तेही निराळेच. एकाच मुलाचा एकच कान तीन प्रकारच्या इअरफोनांनी तपासून पाहावा. तीन आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतील असे समजू नये. कान तोच, पण मापाची फूटपट्टी प्रत्येक वेळी निराळी!

दुसरी अडचण खोलीतील आवाजाची. रुग्णालयात ही परीक्षा ध्वनिरोधक खोलीत घेतात. आपल्या घरी पंखा फिरत असतो, रस्त्यावरून रिक्षा जाते, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. पंख्याची घरघर खालच्या पट्टीतील असल्यामुळे २५० आणि ५०० हर्ट्झचे क्षीण सूर ती गिळून टाकते. आलेखात त्या ठिकाणी खड्डा दिसतो. तो खड्डा कानाचा नसून पंख्याचा असतो.

फोन आणि इअरफोन एकाच कारखानदाराचे असतील, आणि त्या जोडीचे मोजमाप त्याने आधीच करून ठेवलेले असेल, तर पहिली अडचण बरीच दूर होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपल कंपनीच्या एअरपॉड्स प्रो या इअरफोनमधील प्रणालीस, सौम्य ते मध्यम श्रवणदोष जाणवणाऱ्या प्रौढांसाठी श्रवणयंत्राप्रमाणे काम करण्याची मान्यता दिली. परंतु ही परवानगी अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग साध्या इअरफोनने घेतलेली सुरांची परीक्षा निरुपयोगी समजावी काय? नाही. तोच फोन, तोच इअरफोन, तीच खोली आणि तीच शांत वेळ राखली, तर आकडा खरा नसला तरी तुलना उपयोगी पडते. डावा आणि उजवा कान यांत मोठा फरक आहे काय? सहा महिन्यांपूर्वीच्या आलेखाहून आजची रेषा खाली घसरली आहे काय? तार सुरांकडे रेषा एकदम कोसळते काय? या प्रश्नांची उत्तरे अशा परीक्षेतून मिळू शकतात.

गोंगाटातील अंक

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. यात सूर नसतात. खळखळत्या गोंगाटात कोणीतरी तीन अंक उच्चारतो, जसे 'सात, दोन, नऊ', आणि आपण ते पडद्यावर टिपायचे. उत्तर बरोबर आले की पुढचे अंक गोंगाटाच्या मानाने क्षीण होतात. चुकले की ठळक होतात. काही मिनिटांत ॲपला समजते की, गोंगाटाच्या तुलनेत आवाज किती उरला म्हणजे तुम्हांला निम्मे वेळा अंक ओळखता येतात.

यातील खुबी अशी की, येथे आवाज किती मोठा आहे याला फारसे महत्त्व नाही. आवाज आणि गोंगाट यांचे परस्पर प्रमाण महत्त्वाचे. इअरफोन स्वस्त असला तर अंकही मंद होतील आणि गोंगाटही तितकाच मंद होईल. प्रमाण बहुतांशी तेच राहील. म्हणून वर सांगितलेली फूटपट्टीची अडचण येथे फारशी बाधत नाही. शिवाय लग्नघरात, बाजारात, गजबजलेल्या वर्गात आपल्याला जे ऐकावे लागते, त्याच्याशी ही परीक्षा अधिक जवळची आहे. नेदरलँड्समध्ये २००३ साली साध्या दूरध्वनीवरून अशी परीक्षा सर्व नागरिकांना खुली करण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत २०१६ साली तिचे ॲप निघाले. आणि ३ मार्च २०१९ रोजी, जागतिक श्रवणदिनी, जागतिक आरोग्य संघटनेने 'हिअरडब्ल्यूएचओ' नावाचे आपले विनामूल्य ॲप याच तत्त्वावर प्रसिद्ध केले.

परंतु याही परीक्षेला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा भाषेची. अंक ज्या भाषेतून उच्चारले जातात, ती परीक्षा देणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असली पाहिजे. जन्मभर 'एक, दोन, तीन' असे मोजलेल्या आजीला इंग्रजी अंकांची परीक्षा दिली, तर तिच्या कानांबरोबर तिच्या इंग्रजीचीही परीक्षा होते. अशा वेळी सुरांची परीक्षा बरी. तिला भाषा लागत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कानात मळ साचला असेल, पडद्याला भोक पडले असेल किंवा पडद्यामागे पाणी साठले असेल, तर आतील कान शाबूत राहून केवळ आवाज मंद पोचतो. फोनचा आवाज वाढविला की असा कान अंकांच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन जातो. आणि शाळकरी मुलांत तर याच जातीचा दोष वारंवार आढळतो!

हा दोष हुडकण्यासाठी डॉक्टरांजवळ एक जुने, साधे साधन असते. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आपण पाहतो तो नादकाटा. तो कानासमोर धरतात आणि नंतर त्याचा दांडा कानामागील हाडावर टेकवितात. हवेतून येणारा नाद मोठा की हाडातून येणारा, एवढ्या तुलनेवरून दोष बाहेरच्या भागात आहे की आतल्या, याचा अंदाज बांधता येतो. कानात इअरफोन घालून दिलेली परीक्षा हे सांगू शकत नाही. चाळणी आणि निवाडा यांतील अंतर ते हेच.

जाता जाता आणखी एका प्रकाराविषयी. 'तुमच्या कानांचे वय ओळखा' अशा नावाच्या चित्रफिती मुलांमध्ये लोकप्रिय आहेत. त्यांत १५,००० ते १७,००० हर्ट्झचा किणकिणता सूर वाजतो. मुलांना तो ऐकू येतो, शिक्षकांना येत नाही, आणि वर्गात हशा पिकतो. तो खुशाल पिकू द्यावा. पण तिला परीक्षा समजू नये. वयाबरोबर इतके तार सूर ऐकू न येणे स्वाभाविक आहे, आणि बोलणे समजण्यास लागणारे सूर बहुतेक सारे ८००० हर्ट्झच्या खालीच असतात.

परीक्षा कशी घ्यावी?

घरातील सर्वांत शांत खोली आणि पहाटेची किंवा रात्रीची वेळ निवडावी. पंखा, दूरदर्शन आणि शीतकपाटाजवळची जागा टाळावी. फोनमध्येच असलेल्या ध्वनिक्षेपकावरून परीक्षा कदापि घेऊ नये. त्यात दोन्ही कान एकदम ऐकतात आणि चांगला कान वाईट कानाचा दोष झाकून टाकतो. ॲपने विशिष्ट इअरफोन सांगितला असेल तर तोच वापरावा. 'डा' आणि 'उ' या बाजू उलट-सुलट झालेल्या नाहीत हे पाहावे. आवाज सुखकर पातळीवर एकदा ठेवला की मध्येच बदलू नये. सर्दी-पडसे असताना, अगर मिरवणुकीतून वा गोंगाटाच्या ठिकाणाहून नुकतेच आलेले असताना परीक्षा देऊ नये. अशा वेळी श्रवण तात्पुरते मंदावलेले असते.

परीक्षा देणाऱ्याने डोळे मिटून स्वस्थ बसावे, आणि सूर 'ऐकू आल्यासारखा वाटला' म्हणून बोट टेकवू नये. ही वार्षिक परीक्षा नव्हे. येथे अंदाजाने गुण मिळविले तर फसवणूक आपलीच होते. आजोबांची परीक्षा नातवाने घ्यावी, पण सूर वाजताना चेहऱ्यावर कोणताही भाव दाखवू नये. वृद्ध माणसे चेहरा वाचण्यात पटाईत असतात. एकच निकाल प्रमाण मानू नये. दोन-तीन निरनिराळ्या दिवशी परीक्षा घेऊन तारखेसह वहीत टिपून ठेवावी. अगदी लहान मुलांना ॲपची परीक्षा देऊ नये. तान्ह्या बाळाची श्रवणपरीक्षा रुग्णालयात निराळ्या उपकरणाने, बाळ झोपेत असतानाही करता येते.

निकाल हाती आल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार सुरांच्या उंबरठ्यांची सरासरी काढतात. चांगल्या कानाची ही सरासरी २० डेसिबलहून कमी असेल तर श्रवण प्राकृत. २० ते ३५ पर्यंत सौम्य दोष. ३५ ते ५० पर्यंत मध्यम. ५० ते ६५ पर्यंत मध्यम-तीव्र. ६५ ते ८० पर्यंत तीव्र. आणि त्यापुढे अतितीव्र. फोनवरील आकडे पाच-दहा डेसिबल इकडेतिकडे असू शकतात, म्हणून २५ आला तरी घाबरून जाऊ नये, आणि १५ आला तरी निर्धास्त होऊ नये. दोन-तीनदा निकाल वाईट आला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे अवश्य जावे. निकाल चांगला आला, पण वर्गात बोललेले कळत नाही ही तक्रार कायम आहे, तरीही जावे. तक्रार आणि ॲप यांत मतभेद झाला, तर तक्रारीवर विश्वास ठेवावा.

काही वेळा तर ॲप उघडण्यातही वेळ दवडू नये. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांच्या आत, ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची अवस्था समजावी. उपचारास जितका विलंब, तितकी श्रवण परत येण्याची आशा कमी. कान वाहणे, कान ठणकणे, चक्कर येणे, एकाच कानात सतत गुणगुण होणे, ही लक्षणेही डॉक्टरांनाच दाखवावीत. कानात कोमट तेल ओतणे, आगपेटीच्या काडीने अगर केसांतील आकड्याने मळ काढणे, हे घरगुती उपाय तर मुळीच करू नयेत. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाते, आणि काडीने मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो.

साहाय्य मिळण्याची सोय आपल्या देशात आहे. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू झाला असून जिल्हा रुग्णालयांतून श्रवणाची तपासणी व्हावी हा त्याचा एक उद्देश आहे. आम्हा बेळगावकरांच्या राज्यातच म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. मुंबईस वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहे. श्रवणयंत्र लावावे लागले तर त्यात लाज ती कसली? चष्म्याला कोणी हसत नाही. मग कानावरच्या यंत्राला का हसावे?

जे आहे ते राखावे

ज्या फोनने कानांची परीक्षा होते, तोच फोन कानांना अपायही करतो. संगीत ८० डेसिबलपर्यंत असेल तर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. आवाज वाढला की हा अवधी झपाट्याने आटतो. कारखान्यांसाठी वापरण्यात येणाऱ्या एका प्रसिद्ध नियमानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करता येते, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे!

आमच्या बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणेशविसर्जनाची मिरवणूक हे दोन्ही जिव्हाळ्याचे सोहळे आहेत, आणि ते थाटानेच व्हावेत. पण 'डॉल्बी'च्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणाऱ्या मुलांनी वरील गणित आठवावे. तेथे १०० डेसिबलची मर्यादा सहज ओलांडली जाते. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल इतकीच मर्यादा घातली आहे. ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहावे, मधूनमधून शांत जागी जावे, आणि कानांत बोळे घालण्यास संकोच करू नये. मिरवणुकीनंतर रात्रभर कानांत शिट्टी वाजत राहिली, तर ती केसपेशींची तक्रार आहे असे समजावे.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातील प्रत्येकाची परीक्षा घेऊन निकाल एका वहीत लिहा. ज्याचा निकाल शंकास्पद येईल, त्याला तज्ज्ञांकडे नेण्याचा आग्रह आई-वडिलांजवळ धरा. आजी-आजोबांशी बोलताना समोर बसून, तोंडावर उजेड पडेल अशा रीतीने, ओरडण्याऐवजी सावकाश आणि स्पष्ट बोला. आणि शाळा उघडल्यावर, शेवटच्या बाकावरून जो मित्र पुन्हापुन्हा "काय म्हणाले सर?" असे विचारतो, त्याला 'तुझे लक्ष कुठे आहे' म्हणून हसू नका. त्याला पहिल्या बाकावर आपली जागा द्या, आणि गुरुजींच्या कानावर ही गोष्ट घाला.